निकाल माहीत असताना

२ डिसेंबर
परत आल्याला चार दिवस झाले. झोप अजून तिकडच्याच वेळेने. परदेशातली वाद्यवादनाची स्पर्धा, नाना देशांची पोरं, त्यात सतार घेऊन मी एकटी. अंतिम फेरी झाली, निकालही लागला, पण टीव्हीवर दाखवणार १४ तारखेला. तोवर कुणाला सांगायचं नाही, घरीसुद्धा. तशी सही करून दिलीय. पहिल्या तिघांत मी नाही. वहीला सांगितलं तर चालतं का, ते विचारायचं राहिलं.

४ डिसेंबर
कशी हरले ते एकदा लिहून टाकते. स्टेजवर एसीचा गारठा. ऐन रंगात बाजाची, म्हणजे मुख्य तारच उतरली. जराशीच. थांबले, तार सुरात लावली. तिकडे त्यासाठी घड्याळ थांबवत नाहीत. शेवटी जलद 'झाला' वाजवायचा, तिथवर पोचायच्या आत वेळ संपल्याचा लाल दिवा. पियानोवाली पोरगी नंतर म्हणाली, तशीच वाजवत राहिली असतीस तर परीक्षकांना कळलंही नसतं. असेल.

६ डिसेंबर
जयसिंगपूरला गुरुजींकडे. एसटीत सतार मांडीवर. कंडक्टर : "ताई, हिचं बी तिकीट काढा की!" सगळी बस हसली. गुरुजींनी निकाल विचारला नाही. "सुरात लावून वाजवलीस?" एवढंच. हो म्हटलं. "मग घे, भीमपलास." दुपारभर तेच.

८ डिसेंबर
चौकात फ्लेक्स लागला. 'जग गाजवून आली आपली लेक.' फोटो बारावीतला, सतार वाजवतानाचा, तोही उलटा छापलाय, त्यामुळे मी डावखुरी दिसते. शुभेच्छुकांचे चेहरे माझ्यापेक्षा मोठे. पप्पा गॅरेज बंद ठेवून दोऱ्या बांधायला शिडीवर. म्हटलं, निकाल अजून दाखवायचाय. "दावतील की! आपलाच लागतोय!" चिडचिड झाली. कुणावर, ते कळेना.

११ डिसेंबर
१४ तारखेला चौकात मोठा पडदा, हलगी, गुलाल. गल्लीतल्या तालमीच्या पोरांचं सगळं ठरलं. मम्मी रोज भाकऱ्या थापता थापता सहज म्हणून विचारते, "बक्षीस हातात देत्यात का घरला पाठवत्यात?" मी माहीत नाही म्हणते. दार लावून रियाज. तेवढा वेळ कुणी काही विचारत नाही.
हरल्याचं फारसं काही वाटत नाही. भीती वाटते ती पप्पांची. चौकात सगळ्यांसमोर त्यांचं तोंड उतरेल, ते मला बघवणार नाही.

१४ डिसेंबर, संध्याकाळ
पडदा उभा राहिला. पप्पा वर आले. इस्त्रीचा शर्ट. दार लोटून घेतलं.
"हरलीस न्हवं?"
मी तोंड उघडलं.
"बोलू नगंस, सही केलीयास. मला पैल्या दिवशीच कळलंय. जिकली असतीस तर तुझ्या पोटात ऱ्हायलं नसतं."
"मग फ्लेक्स कशाला लावू दिला?"
"पोरांनी आणला. बाप हाय मी, मागं कसा सरणार?"
खिडकीशी गेले. खाली खुर्च्या मांडणं चाललेलं.
"निकाल दावल्यावर नाचता यायचं न्हाय," म्हणाले. "आदीच नाचून घेऊ का?"
हसू आलं. रडूही. "नाचा," म्हटलं.
हलगी सुरू झालीय. पप्पा एकटेच मधोमध, दोन्ही हात वर. पोरं ओरडतायत, "ओ काका, निकाल तर लागू दे की!" मम्मी खालून हाका मारतेय, पुढची खुर्ची धरून ठेवलीय म्हणून. जाते.