शेठचे रविवारचे छायाचित्र

६ जुलै, रविवार
मी, सुधाकर यशवंत लिमये, वाणिज्य पदवीधर, खोपोलीच्या एका कारखान्यातून स्वेच्छानिवृत्त लेखापाल, राहणार दहिवली, कर्जत. कन्या मृणाल नोकरीनिमित्त नागपुरास गेली. तिचा गोल्डफिश, शेठ, माझ्या हवाली आहे. दर रविवारी तिला त्याचे निर्दोष छायाचित्र जावे, यासाठी ही नोंद.
खोलीतला दिवा बंद, टाकीवरचा चालू. मोबाइल काचेला टेकवला, म्हणजे स्वतःचे तोंड उमटत नाही. मागची भिंत मात्र उघडी दिसते. नेरळहून पाणवनस्पती आणून लावली. पार्श्वभूमी सुधारली.

१३ जुलै, रविवार
अंधारलेला दिवस. छायाचित्रात पांढरे कण. पाण्यातला गाळ चमकतो, तसे. संगणकावर एकेक पुसले, केशरी रंग किंचित वाढवला. मूळ प्रत नेहमीप्रमाणे काढून टाकली. खराब प्रत जपण्याची मला सवय नाही.
मृ.: "बाबा, काय तुकतुकीत दिसतोय! तुमच्याकडे मजा आहे त्याची." समाधान वाटले.

१७ जुलै, गुरुवार
सौ. भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, तुमचा शेठ दगडाला अंग का घासतोय? खाज सुटल्यासारखा."
चष्मा लावून पाहिले. शेपटीवर, कल्ल्यांजवळ मिठाच्या कणांसारखे ठिपके. काच आतून-बाहेरून पुसली. ठिपके त्याच्याबरोबर फिरतात.
म्हणजे तो गाळ नव्हता. मी जे पुसले ते...
"पोरीला सांगा."
"एक दिवस पाहू."
"फोटोत बरा करणार आहात, की टाकीत?"

१८ जुलै, शुक्रवार
रात्रभर झोप नाही. सकाळी मृणालला फोन करून ठिपके सांगितले.
"टाकीत नवीन काही टाकलंत?" वनस्पती सांगितली. "आधी वेगळ्या पाण्यात ठेवली होती ना?" नव्हती.
"बरं. पण रविवारच्या फोटोत एकही ठिपका नाही, म्हणजे सुरुवातच आहे. औषध नको, नुसतं मीठ घालून थांबू."
थांबणे परवडणारे नव्हते. सांगितले: "तेव्हाही होते. मी पुसले."
"मूळ फोटो पाठवा."
"ठेवला नाही."
"निळं औषध आणा. आजच. आणि रोज एक फोटो."

२० जुलै, रविवार
औषधाने पाणी निळसर. शेठ कोपऱ्यात, खात नाही. आजचे छायाचित्र वाईट: रंग मळकट, काचेत माझे तोंड. हात सवयीने सुधारणेकडे गेला, मागे घेतला. कल्ल्यांजवळचे ठिपके कमी वाटतात, निळ्या पाण्यात खात्री देता येत नाही. तसेच पाठवले.
मृ.: "कमी दिसतायत. बाबा, हा खराच फोटो आहे ना?"
"खराच," असे लिहिले. तिने वाचले आहे.
शेठ आत्ताच वर आला. दाणा घेतला, की नुसता बुडबुडा सोडला, ते मला दिसले नाही.

सु. य. लिमये
दहिवली, कर्जत
२० जुलै