शंका घेणाऱ्याची पानं

३ जून

मला! विभागप्रमुखांनी मला निवडायला सांगितलं! पहिल्या वर्षाला धर्माचं तत्त्वज्ञान शिकवायचं, त्यासाठी निबंधसंग्रह कुठला लावायचा, याची शिफारस मी करायची. मग अभ्यासमंडळाची बैठक. मी अजून कायम झालेली नाही हे सरांच्या लक्षात आहे ना?

संग्रह दोन. एक सरांनीच संपादित केलेला. कितीतरी वर्षं तोच लागतो, मीही त्यावरच शिकले. दुसरा नवा, विटेसारखा जाड.

आई जिन्यात शेजारच्या काकूंना सांगत होती, "आमची पोरगी कॉलेजात देव निवडतेय."

"देव नाही गं आई, पुस्तक!"

"तेच ते. कोणालाही देतात का निवडायला?"

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. माझं काही सांगायचं असलं की आईचा आवाज आपोआप चढतो. लाजले. पण तिला थांबवलं नाही, हेही खरं.

५ जून

दिवसभर वाचन. माझा माझ्यावर भरवसा नाही, म्हणून एक युक्ती केली. प्रकरण संपलं की समासात पेन्सिलीनं लिहायचं: संपादक देव मानतो की नाही? सरांच्या पुस्तकात दुसऱ्याच निबंधाला कळलं. शंका घेणाऱ्याला जेमतेम दोन-तीन पानं, तीही मधूनमधून कापलेली, आणि लगेच त्याला उत्तर. शेवटचा शब्द दर वेळी मानणाऱ्याचा. जाड पुस्तकात शेवटपर्यंत ओळखता आलं नाही!

शिकत होते तेव्हा हे कसं दिसलं नाही? की सर माहितीचे आहेत म्हणून आता उगाच दिसतंय? पुन्हा वाचायला हवं.

८ जून

पुन्हा वाचलं. तेच.

जाड पुस्तक बाबांना वाचून दाखवते आहे. बाहेरच्या खोलीत ते लोकांच्या कपड्यांना इस्त्री करतात. हात गुंतलेले, कान मोकळे. शाळा चौथीत सुटली, पण ऐकायची हौस दांडगी. जगात एवढी शिस्त आहे म्हणजे ती कोणीतरी लावली असणार, असा एक निबंध आहे. तो ऐकून म्हणाले, "बरं. आणि समोरचा काय म्हणाला?"

"समोरचं जरा किचकट आहे, बाबा."

किचकट कसलं! लेकरं दुखण्यानं तळमळतात तेव्हा देव कुठे असतो, एवढाच तर प्रश्न. पण बाबा रोज सकाळी आईशेजारी हात जोडून, डोळे मिटून उभे राहतात. त्यांना हे मी ऐकवायचं? पानं उलटली. पुढचा निबंध घेतला.

११ जून

शिफारस जाड पुस्तकाची. घरी सांगितलं.

बाबांनी इस्त्री उभी केली. "सरांनी तुला नोकरीला लावलं. कायम करणं त्यांच्याच हातात. खाल्ल्या घरचे वासे मोजतेस होय?"

"मोजू दे की," आई आतून म्हणाली. "वासे किडले असतील तर आढं डोक्यात पडायच्या आधी कळलेलं बरं!"

बाबा हसले. मला हसू येईना.

१४ जून

बैठक झाली!

शिफारशीचा कागद टेबलावर ठेवला. म्हणाले, "समोरच्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय माणूस मानतो काय आणि नाकारतो काय, दोन्ही उसनंच." कोण बोललं हे? मी!

एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "मुलं बिथरतील गं."

सरांनी स्वतःचं पुस्तक पुढे ओढलं. "मुलं कोवळी असतात म्हणून मी कापलं होतं. तू कोवळी होतीस का?"

"माहीत नाही, सर. कापलंय हेच मला माहीत नव्हतं."

मग जाड पुस्तकासाठी हात वर गेले. पहिला सरांचा!

नंतर सर कॉलेजच्या जिन्यात थांबले. "तुझं कायम होणं यावर अवलंबून नव्हतं हो." दोन पायऱ्या उतरून म्हणाले, "दुखलं मात्र."

घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते. त्यांच्या पुस्तकावर शिकले, म्हणूनच त्यांच्यासमोर बोलू शकले. आईनं काकूंना सांगितलं, "हिनंच निवडला!" काय निवडलं ते या वेळी मीही दुरुस्त केलं नाही.

१५ जून

सकाळपासून एकच टोचणी. सरांनी मुलांसाठी कापलं. मी बाबांसाठी कापलं. मंडळापुढे एवढं बोलले आणि घरात काय केलं?

दुपारी आई कपड्यांचे गठ्ठे पोचवायला गेली. बाबांसमोर तो निबंध काढला. एक ओळही गाळली नाही. मध्येच जळका वास. बाहीवर इस्त्री तशीच राहिली होती! बाबांच्या हातून असं कधी होत नाही. मी थांबले.

"वाच पुढं."

संपलं. बाबा बाही बघत बसले. काय करून बसले मी!

१६ जून

सकाळी दोघं नेहमीसारखी हात जोडून उभी राहिली. आई आत गेल्यावर बाबा हळूच म्हणाले, "मी कधीच मानलं नाही गं. तिला एकटीनं उभं राहावं लागू नये, एवढंच."