पेपरला न येणाऱ्या पेशी

१० नोव्हें. २०१८, लातूर
क्लासवर नाझनीन आली होती. माझी जुनी विद्यार्थिनी, नांदेडच्या सायकल दुरुस्तीवाल्याची पोरगी. आता बंगळूरला संशोधन करते. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या राखणदार पेशी काय करतात, हा विषय. मायक्रोग्लिया! त्याच परिच्छेदावर मी दर बॅचला फुली मारायला लावायचो, पेपरला येत नाही म्हणून. हसून म्हणाली, "सर, फुली मारली म्हणूनच घरी जाऊन वाचलं." चाट पडलो. लई पुढची निघाली पोरगी.

११ नोव्हें.
नाझनीन जेवायला. सुमननं तिला तीनदा नाव विचारलं. तिन्ही वेळा नाझनीननं पहिल्यांदाच सांगतेय असं सांगितलं. बायकोशी असं वागणं मला तिच्या विसरण्याच्या दोन वर्षांत जमलेलं नाही.
विषय तिच्या कामाचा निघाला. "काकू, ह्या पेशी मेंदूतला कचरा उचलतात. पण कधी कधी थांबतच न्हाईत, चांगलं बी मोडतात."
सुमन एकदम म्हणाली, "भूकंपाचा ढिगारा उपसताना असंच झालतं. यंत्रानं आमच्या शाळेची उभी भिंत बी पाडली." तेव्हा ती किल्लारीकडं मास्तरीण होती.
तीस वर्षं बायॉलॉजी शिकवतोय, इतकं सोपं मला सुचलं नाही. दोघींचा अभिमान वाटला.

१२ नोव्हें.
नाझनीनला सुमनचं रक्त हवंय, त्यातून तशा पेशी बनवून बघणार. "काकूंना फायदा व्हायचा न्हाई सर, खोटं बोलत न्हाई." वाईट वाटलं, पण तिच्याबद्दल आदर वाढला.
सुमन लगेच, "हाव, घे की पोरी."
उद्या सकाळी.

१३ नोव्हें.
रक्त घेणारा आला. सुमनला कालचं आठवेना. "रक्त कशाला? मला काय झालंय?" मी म्हणालो, अशक्तपणा. आजवर तेच सांगत आलोय, आजाराचं नाव तिच्यापुढं कधी घेतलं नाही.
नाझनीननं त्या माणसाला परत पाठवलं. बाहेर येऊन मला म्हणाली, "आधी काकूंना खरं सांगा. कळल्याबिगर त्यांचं 'हो' मी धरणार न्हाई."
एवढीशी होती. पहिल्या बाकावर बसायची. आज तिच्यापुढं मान वर होईना.

१४ नोव्हें., सकाळ
चहा झाला. म्हणालो, सुमन, एक सांगायचंय.
"माझ्या डोक्याचंच ना? तुमाला माहीत हाय, आन् लपवून राहिलात." रागावली नव्हती. "सांगा. पण थांबा, वही आणते. इसरंल मी."
आत गेलीय. कपाट उघडल्याचा आवाज येतोय. कुठून सुरुवात करू, काही सुचत नाहीये. आली