सारिकाने पाहिलेल्या पेशी

मंगळवार संध्याकाळ, सोलापूर

आज फार थकले. हाडाच्या कॅन्सरच्या पेशींवर टाकलेलं नवं औषधही वाया गेलं. पेशी जशाच्या तशा जिवंत. त्या सारिकाच्या. मंगळवेढ्याची कॉलेजातली पोर. गेल्या वर्षी तिचा पाय मांडीपासून काढावा लागला, तेव्हा तिला विचारूनच गाठीचा तुकडा आम्ही प्रयोगशाळेत वाढवायला घेतला.

आणि नेमकी आजच ती वडिलांबरोबर तपासणीला आली. स्कॅन स्वच्छ आहे म्हटल्यावर वडिलांचे डोळे भरले. ती मात्र म्हणाली, "मॅडम, माजी गाठ अजून हाय म्हनं तुमच्याकडं. बगू की."

नाही म्हणता आलं नाही. कुबड्या भिंतीला टेकवून ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. वडील दाराशीच थांबले, तोंड फिरवून. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"लई बारीक हायत की! ह्यांनी नेला व्हय माजा पाय?"

"हो."

"आन् औषध?"

खोटं कशाला बोलू? "नाही लागू पडलं."

वाटलं, रडेल. ती म्हणाली, "मग दुसरं टाका की."

किती सहज! या पेशी टाकून द्यायच्या, हे काम थांबवायचं, असं मी दुपारीच ठरवलं होतं. ते तिला सांगितलं नाही. का नाही सांगितलं?

ती गेल्यावर पुन्हा हातमोजे चढवले. पोषक द्रव घातला नाही तर पेशी मरतात. आज घालणार नव्हते. घातला. तिचा पाय खाणाऱ्यांनाच भरवलं.