शंकूत न गेलेल्या बिबड्या

जळगाव, गुरुवार, संध्याकाळ

आज अक्कांशी चक्क खोटं बोलले आणि जिवाला बरं वाटलं.

माझ्या या मोठ्या जाऊबाईंचा नातू परदेशात जर्मन शाळेत जातो, अर्धे विषय जर्मनमध्ये, अर्धे इंग्रजीत. तिथे पहिल्या दिवशी पोराच्या हातात त्याच्याएवढा कागदी शंकू देतात, घरच्यांनी खाऊ भरलेला. गेल्या वर्षी हे ऐकून मीही त्या शंकूसाठी बिबड्या दिल्या. ज्वारी भिजवून, दळून, लसूण घालून शिजवून गच्चीवर पापडासारख्या थापून वाळवलेल्या. पोर माझ्याकडे आलं की त्या तळायचीही वाट बघत नाही. अक्कांची सून गोड हसून म्हणाली, "थँक यू, काकू." ती विमानात बसली, आणि मला माझ्या बिबड्या मेहरूणला अक्कांच्या ओट्यावर दिसल्या. गाईच्या घमेल्यात. शंकूला लसणाचा वास लागला असता म्हणे.

आज अक्कांचा फोन. शाळेत जत्रा आहे, प्रत्येकाने आपल्या गावचं खायला न्यायचं. "तुनाकडे बिबड्यासना डबा शे ना? बठ्ठा धाडी दे." म्हणजे सगळाच्या सगळा.

"सरना, अक्का," मी म्हटलं.

डबा माळ्यावर काठोकाठ भरलेला आहे. पावसात नव्या वाळायच्या नाहीत, हे अक्कांनाही ठाऊक आहे.

पोराचा यात काय दोष? काहीच नाही. तो सुट्टीत आला की अक्कांच्या देखतच डबा उघडीन, त्याला पोटभर खाऊ घालीन. मग अक्कांना विचारीन, गाईसाठी देऊ का थोड्या?