मानाचा एडका आणि माझ्या मांड्या

जवळा बाजार,
कातरणीनंतरचा मंगळवार

आमचे धाकटे साडूभाऊ हरीशराव यांना थोरले साडू दत्तप्रसाद यांचा नमस्कार पोचावा.

तुमची, सुकन्याची आणि तुमच्या सायकलची तब्येत ठणठणीत असणार याची मला खात्री आहे, कारण सासरवाडीला फोन केला की माझी चौकशी होण्याआधी तेवढंच ऐकायला मिळतं. आमच्याकडेही सगळं कुशल आहे (मान, कंबर, उजवा गुडघा आणि दोन्ही तळहात सोडून). हे फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही मध्येच हसला असता. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहावं तर माझा फोन आमची मोहिनी बघते, ती आपल्या बहिणीला म्हणजे तुमच्या घरी कळवते, आणि मी दुकानातून घरी पोचेपर्यंत ते साखऱ्याला सासूबाईंच्या कानावर गेलेलं असतं. म्हणून पोस्टाचा कागद. आणि एक गोष्ट पहिल्याच पानावर सांगून मोकळा होतो. मला तुमचा हेवा वाटतो असा तुमचा समज असेल, तर तो बरोबर आहे.

सुरुवात धोंड्याच्या जेवणात झाली. अधिक महिन्यात आपल्या दोघांना जावई म्हणून साखऱ्याला बोलावलं होतं. मी गाडीतून, एसी लावून, बायकोला शेजारी बसवून माणसासारखा आलो. तुम्ही मात्र हिंगोलीहून त्या उन्हात सायकलवर आलात, आणि तेही असे कपडे घालून की आपले सासरे सटवाजीमामा क्षणभर दुसरीकडे बघायला लागले. तरी घाम कोणाला फुटला होता? मला. (दोन पायऱ्या चढून ओसरीवर आलो होतो, एवढंच.) सासूबाईंनी तुमच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अंगाला जरा बी चरबी न्हाई बघा लेकराच्या." मग तुमच्या ताटात न विचारता पुरणाचा तिसरा धोंडा वाढला, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुमाला देऊ, का पुरे?" पंधरा वर्षांत मला त्या घरात 'पुरे' हा शब्द ऐकावा लागला नव्हता. हेही मी गिळलं असतं. पण त्याच वेळी मोहिनी तुमच्या पोटऱ्यांकडे बघत होती. वाईट नजरेने नव्हे, बाजारात चांगलं जनावर बघावं तशी कौतुकाने. ती मेंढरांच्या घरातली आहे, तिला पाय कळतात. मग तिने माझ्या पायांकडे पाहिलं आणि पाणी आणायला उठून गेली.

जेवणानंतर मामांनी पान लावता लावता माझ्या काळजाला हात घातला. तुम्ही घरात येऊन तीनच वर्षं झाली आहेत, म्हणून रीत पुन्हा सांगतो. मेंढरांची लोकर कातरायच्या दिवशी कळपातला म्होरक्या एडका पहिला कातरतात. त्याला कुंपणातून उचलून, सात पावलं चालून, अंथरलेल्या घोंगडीवर ठेवायचं. वाटेत त्याचे खूर जमिनीला टेकता कामा नयेत. हा मान थोरल्या जावयाचा. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून तो एडका मी उचलत आलो आहे (तीन एडके बदलले, उचलणारा बदलला नाही). आणि मामा काय म्हणाले, तर "दत्ताभाऊ, लई साल झाले तुमी उचलून राहिले, आता दम लागतो तुमाला. औंदा हरीशरावांला उचलू देऊ. तेंचे पाय बघा की." तुम्ही खाली मान घालून हसलात. ते हसू नम्रतेचं होतं असं मोहिनी म्हणते. मी काही म्हणत नाही.

घरी आल्यावर चौथ्या दिवशी वसमतच्या प्रज्ञेश नावाच्या एका प्राध्यापकाकडून मी जुनी सायकल आणली. तुमच्यासारखीच, बोटाएवढ्या टायरची, मेंढ्याच्या शिंगासारख्या वळलेल्या हँडलची. मोहिनीला सांगितलं की डॉक्टरांनी सांगितलंय. (डॉक्टरांनी भात कमी करा असं सांगितलं होतं.) रोज पहाटे जवळ्याहून औंढ्याच्या दिशेने निघायचो. तुम्ही कनेरगाव नाक्यापर्यंत जाऊन ढाब्यावर चहा घेऊन हिंगोलीला परत येता, त्यात तुम्हाला माणसं किती भेटतात माहीत नाही. मला मात्र सगळा तालुका भेटला. आपल्या भागात ज्याचं खतांचं दुकान आहे तो माणूस सायकलवर दिसला की लोकांना वाटतं, याची गाडी बंद पडली. जो तो थांबायचा. "काहून हो शेठ, कुठं बिघडली?" एकाने मोटारसायकलवर बसायचा इतका आग्रह केला की त्याचं मन मोडू नये म्हणून मी मागे बसलो आणि सायकल खांद्यावर घेतली. एका टेम्पोवाल्याने तर विचारलंसुद्धा नाही; सायकल उचलून कोथिंबिरीवर ठेवली आणि मला घरासमोर उतरवलं. त्या आठवड्यात मी सायकल चालवली त्यापेक्षा सायकलने प्रवास जास्त केला. मग मी ती गादी शिवलेली आखूड चड्डी मागवली. ती घातल्यावर मात्र कोणी थांबेना.

पण जिद्द ही जिद्द असते, आणि हेव्याने आलेली जिद्द पहाटे गजराशिवाय उठते. श्रावणापर्यंत मी औंढ्याला जाऊन न थांबता परत येऊ लागलो. मांड्या फुगल्या. खरंच फुगल्या, हरीशराव. बसल्या बसल्या मी त्या दाबून बघायचो, गिऱ्हाईक समोर असलं तरी. पँट मांडीत अडकायला आणि कमरेत गळायला लागली, म्हणून संतराम टेलरकडे गेलो. त्याच्या वहीत माझं माप वीस वर्षांचं आहे. त्याने मांडीला टेप लावला आणि खूश झाला. छातीला लावला आणि पुन्हा लावला. दंडाला लावला आणि टेपच तपासला. शेवटी म्हणाला, "शेठ, खालून तुमी पैलवान व्हऊन राहिले, वरून पेशंट." मांडी दोन इंच वाढली होती, छाती दीड इंच गेली होती, आणि खांदे पुढे वळल्यामुळे सदरा पाठीवर ताणून समोर पोतेऱ्यासारखा लोंबत होता. दोन्ही करंगळ्यांना मुंग्या यायच्या. मान वर करून पंखा लावायचा म्हटलं तरी आधी भिंतीला टेकावं लागे. मी संतरामला सांगितलं की सायकलवाल्यांचं शरीर असंच घडतं, हिंगोलीचे आमचे साडूभाऊ बघा. तो म्हणाला, मग त्यांनाही घेऊन या, मापं एकदमच टाकू.

आता माझ्या मूर्खपणाचा गाभा सांगतो, आणि तो सांगताना मला स्वतःचाच राग येतो. पंधरा वर्षं मी तो एडका कशाच्या जोरावर उचलत होतो? व्यायाम मी कधीच केला नाही. पण दुकानात आमचा हमाल लखमा एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने, अशी खताची पोती आम्ही उतरवायचो. गर्दीच्या दिवसात मी एकटाही पाठीवर घ्यायचो. एडका काय, पोत्यापेक्षा दोन-चार किलो इकडे-तिकडे, वर मऊ. ज्या दिवशी सायकल आली त्या दिवसापासून मी पोत्याला हात लावला नाही. पायांना विश्रांती हवी ना. ऐन पेरणीत मी खुर्चीत बसून पोटऱ्यांना तेल चोळत होतो आणि लखमा एकटा गाडी खाली करत होता. त्याने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही. तालमीतले म्हातारे पुंजाजी वस्ताद युरिया न्यायला आले होते, त्यांनी हे पाहिलं. मला उभं केलं, पाठीवर थाप मारली (मी दोन पावलं पुढे गेलो) आणि म्हणाले, "सायकलीवर तुमचं वजन सायकल उचलती. तुमी नुसते पाय फिरवता. उचलाया पाठ लागती, कंबर लागती, पंजा लागतो. सायकल सोडू नका, पण आठवड्यातून तीन दिस पोती उचला अन् जोर मारा." मला वाटलं, म्हातारा माझ्या मांड्यांवर जळतो. माणूस स्वतः जळत असला की त्याला सगळीकडून धूर दिसतो, तसं झालं.

आणि कातरणीच्या आदल्या दिवशी सुकन्याचा फोन आला की तुमची दोनशे किलोमीटरची कसलीशी शर्यत त्याच रविवारी आहे, तुम्ही येणार नाही. (शर्यत नसते, नुसतंच चालवायचं असतं, असं तिने समजावलं. म्हणजे कोणी हरतही नाही. तुमचं सगळंच असं बरं असतं.) मान पुन्हा माझ्याकडे आला. देवासमोर उभं राहून मी तुमच्या त्या दोनशे किलोमीटरना हात जोडले.

कातरणीला भावकी जमली होती. मामांनी एडक्याच्या कपाळाला हळद लावली. मी बाह्या सारल्या, खाली बसलो, एक हात छातीखाली, एक मांड्यांमागे घातला आणि उठलो. म्हणजे माझे पाय उठले. पाय असे झोकात उठले की बघणाऱ्यांनी वाहवा केली, आणि कमरेच्या वरचा दत्तप्रसाद एडक्यापाशी खालीच राहिला. माझं ढुंगण आभाळाकडे, तोंड लोकरीत. करंगळ्यांत जीव नाही, पकड सुटली. एडक्याने मागे वळून एकदा पाहिलं आणि चालायला लागला, आणि मान सुटू नये म्हणून मी त्याला सोडलं नाही. आम्ही सात पावलांच्या जागी सत्तरेक पावलं गेलो, घोंगडीच्या उलट दिशेला, बाभळीपर्यंत. तिथे मोहिनी आली. माझी बोटं एकेक करून सोडवली. पदर खोचला, खाली बसली, एडका छातीशी घेतला आणि उठली. पाय, कंबर, पाठ, सगळी मोहिनी एकदम उठली. बाभळीपासून घोंगडीपर्यंत ती चालत गेली आणि एक खूर टेकला नाही. तिचा श्वाससुद्धा वाढला नव्हता. मी मागून तिची चप्पल घेऊन आलो.

हसले सगळे. सासूबाई तर खाली बसून हसल्या. ते मी सोसलं. पण हसून झाल्यावर डोळे पुसत मामा म्हणाले, "हरीशराव असते तर उचलला असता." आणि भावकीने माना डोलावल्या. कोणी तुम्हाला उचलताना पाहिलेलं नाही. तुम्ही कधी गव्हाचा डबा सरकवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. तरी तुम्ही दोनशे किलोमीटर लांब राहून एडका उचललात, आणि मी तिथे असून नाही. घरी येऊन मी तुमचा त्या धोंड्याच्या जेवणाच्या दिवशीचा फोटो मोठा करून पाहिला. पाय काय वर्णावे. पण दंड, हरीशराव, दंड माझ्यापेक्षा बारीक आहेत. सदऱ्याच्या बाहीत हँडल घातल्यासारखे दिसतात. थोरला म्हणून सांगतो, पोती उचलायला लागा. मी कालपासून लखमाबरोबर उतरवायला लागलो आहे. पहिल्या पोत्याला त्याने जड बाजू स्वतःकडे घेतली, आणि मला ते फार लागलं.

सुकन्येस आशीर्वाद. पत्र वाचून फाडावे.

आपला,
दत्तप्रसाद

ता. क. सायकल मी विकणार आहे. तिने माझं फक्त नुकसान केलं. गिऱ्हाईक असेल तर कळवा. (घाई नाही. मागचा टायर झिजलाय, तो कुठल्या मापाचा घ्यावा तेही कळवा. आणि उतारावर करंगळीला मुंग्या येऊ नयेत म्हणून हात कुठे धरता?)

ता. क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात साखऱ्याहून मामांचा फोन आला. भावकी बसली होती. पुढच्या कातरणीपासून एडका मोहिनी उचलणार. जावयाचा मान बंद, लेकीचा सुरू. माझा नाही तर नाही, पण तुमचाही गेला, म्हणून मला दिवसभर इतकं हलकं वाटलं की मी दोन पोती एकट्याने नेली. मग संध्याकाळी सासूबाईंचा फोन. दोन्ही जावई नुसते उभे राहिले तर बरं दिसत नाही, म्हणून मोहिनी उचलायच्या आधी एडका धरून ठेवायला आपल्याला कामं वाटून दिली आहेत. तुम्ही मागचे पाय धरायचे, मी कान. आता मागचे पाय धरायला ताकद लागते आणि कान कोणीही धरतं, हे सगळ्या भावकीला दिसणार. मी म्हटलं, मामी, पाय मला द्या, कान हरीशरावांना. त्या न्हाई म्हणाल्या. हे एवढं लांब पत्र खरं तर त्यासाठीच पाठवतोय. त्यांच्यापाशी तुमच्या शब्दाला वजन आहे. तेवढी अदलाबदल करून द्या.