खोटं खोटं मारायचं होतं

निलंगा, चैत्र, मंगळवारची संध्याकाळ

गाल अजून जळून राहिलाय. नवा जिल्हा झाल्यापासून सगळं लातूरलाच, म्हणून आज तिथं आम्हा अंगणवाडीच्या बायांचं प्रशिक्षण होतं. विषय, लहान लेकरांचं मन. मॅडम म्हणाल्या, नाटक करून दाखवा. मी लेकरू झाले, कौसल्या माझी आई. मी रिकामा हंडा लवंडला, पाणी सांडल्यागत. तिनं खाडकन् थोबाडीत दिली. मग झिंज्या धरून पाठीत बुक्क्या. दोघींनी तिला ओढून बाजूला काढलं.

"अहो, खोटं खोटं मारायचं होतं!" मॅडम ओरडल्या.

"टँकरचं पाणी सांडल्यावर खोटं खोटं कसं मारावं, बाई?" कौसल्यानं लवंडलेला हंडा उचलून सरळ ठेवला. कुणी हसलं न्हाई.

आणि मी? मार खाताना मी तिच्याच कमरेला मिठी मारली होती. मारणारीलाच. का?

एस.टी.त बसून घोकत आले, उद्या तिचे हातच मोडते. गाल जळतच होता. घरी चार वर्षांच्या सुमीला गालावर उठलेली बोटं दिसली. तिनं हळूच हात लावला.

"आये, तू पानी सांडलीस व्हय?"